सुवर्णकण आणि कर्करोगाची पूर्वखूण

मानवी शरीरातील एखादी पेशी नियमबाह्य वाढीच्या मार्गाला लागल्यापासून तिच्या संततीची गाठ वैद्याच्या बोटांना जाणवेपर्यंत जो काळ लोटतो, तो रोगाच्या एकंदर आयुष्याचा अल्पांश नसून बहुधा त्याचा फार मोठा भाग असतो, ही गोष्ट कर्करोगाविषयी बोलताना आपण सहसा ध्यानात घेत नाही. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, या हिशेबाने तीस वेळा द्विगुणन झाले म्हणजे पेशींची संख्या १०० कोटींच्या थोडी पुढे जाते, आणि तेव्हा कोठे सुमारे एक ग्रॅम वजनाची, सेंटिमीटरभर व्यासाची गाठ तयार होते. तेथून पुढे आणखी दहाच वेळा तसेच द्विगुणन झाले, तर गाठीचे वजन किलोग्रॅमच्या घरात जाते, आणि इतका भार बहुतेक शरीरांना पेलत नाही. प्रत्यक्षात हे गणित इतके सरळ चालत नाही. काही पेशी मरतात, काही दीर्घकाळ निश्चल राहतात, काही कर्करोग महिन्यांत वाढतात तर काहींना दशके लागतात. तरीही ज्याला आपण रोगाचा आरंभ समजतो तो बहुधा त्याच्या पाऊण वाटेवरचा मुक्काम असतो, हा निष्कर्ष त्यामुळे बाधित होत नाही. त्या आधीच्या वाटेवर ही वाढती पेशीसंतती रक्तात, मूत्रात किंवा लाळेत काही द्रव्य सोडते काय, आणि सोडत असल्यास ते हुडकण्याइतके सूक्ष्म साधन मनुष्याला बनविता येईल काय, या प्रश्नाभोवती गेल्या पाऊण शतकातील पुष्कळ संशोधन फिरत राहिले आहे.

अशा द्रव्याचा पहिला दाखला मात्र त्याहूनही बराच जुना आहे. १८४५ साली लंडनमधील एका मध्यमवयीन व्यापाऱ्याच्या मूत्राचा नमुना, त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी, सेंट जॉर्ज रुग्णालयातील हेन्री बेन्स जोन्स या रसायनज्ञ वैद्याकडे तपासासाठी रवाना केला. रोग्याची हाडे ठिसूळ झाली होती, वेदना असह्य होत्या, आणि मूत्रात नत्राम्ल घातले असता जो साका बसे तो तापविल्यावर विरघळून जाई व थंड होताच पुन्हा प्रकट होई. हे वर्तन तोवर परिचित असलेल्या कोणत्याही प्रथिनाच्या शिरस्त्यात बसणारे नव्हते. अस्थिमज्जेतील कर्करोगग्रस्त पेशी हे प्रथिन निर्माण करतात हे कळण्यास पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली, आणि प्रतिपिंडाच्या रेणूचाच तो एक सुटा घटक आहे याचा निर्वाळा तर १९६२ साली मिळाला. कर्करोगाची रासायनिक खूण म्हणून आज ज्या पदार्थांची गणना होते त्यांच्यात बेन्स जोन्सच्या प्रथिनाचा मान पहिला, तो या न्यायाने.

याच बेन्स जोन्सचे नाव दुसऱ्या एका संस्थेच्या दप्तरातही आढळते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनचा तो १८६० पासून सचिव होता, मायकेल फॅरडेचा स्नेही होता, आणि फॅरडेच्या निधनानंतर १८७० साली त्याचे द्विखंडात्मक चरित्र त्यानेच प्रसिद्ध केले. त्या संस्थेच्या तळघरातील प्रयोगशाळेत फॅरडेने १८५०नंतरच्या दशकात सोन्यावर जे प्रयोग केले, ते या लेखाच्या विषयाचे दुसरे मूळ होय. सुवर्णाच्या क्षाराच्या पातळ द्रावणावर फॉस्फरसची क्रिया घडविली असता द्रवाला माणकासारखा तांबडा रंग येतो हे त्याने पाहिले. तो रंग विरघळलेल्या कोणत्या संयुगाचा नसून, दृष्टीला न दिसण्याइतक्या बारीक अशा धातुरूप सोन्याच्या कणांचाच आहे, असे अनुमान त्याने १८५७ च्या आपल्या व्याख्यानात मांडले. आणि त्या तांबड्या द्रवात मीठ घालताच त्याचा रंग निळा होतो, हीही नोंद करून ठेवली. त्याने तयार केलेले द्रव त्या संस्थेने आजतागायत जपून ठेवले आहेत आणि त्यांची लाली अद्याप गेलेली नाही. कर्करोगाच्या पहिल्या खुणेचा शोधक आणि सुवर्णकणांचा पहिला अभ्यासक एकाच संस्थेत वर्षानुवर्षे वावरत असता, आपापल्या हातांतील या दोन वस्तू पुढे कधी एकत्र येतील याची त्यांपैकी कोणालाही कल्पना असण्याचे कारण नव्हते. पण त्या एकत्र आल्या खऱ्या.

सोन्याचे हे रंग जर्मन पदार्थविज्ञ गुस्टाफ मी याने १९०८ साली गणिताने उलगडले. धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीच्या तालावर एकसमयावच्छेदे डोलू लागतात. कण काही दशक नॅनोमीटरांचा असेल, तर हे डोलणे प्रकाशाच्या एका विशिष्ट लहरीशीच जुळते आणि तेवढीच लहर शोषली जाते. नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटराचे दहा लाख भाग केले असता त्यांतील एक. सुटे कण हिरवट प्रकाश गिळतात म्हणून द्रव तांबडा दिसतो. ते परस्परांजवळ आले की त्यांचे डोलणे एकमेकांत गुंतते, शोषण दीर्घ लहरींकडे सरकते आणि द्रव निळसर होतो. मिठाने नेमके हेच घडविले होते. कण एकमेकांजवळ आले की दूर आहेत हे ज्या द्रवाचा केवळ रंग पाहून सांगता येते, त्या द्रवाचा उपयोग रोगाच्या रेणूंची वर्दी देण्यासाठी करता येईल हे ध्यानात येण्यास पुढे बराच काळ गेला. शिकागोनजीकच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मर्किन आणि त्याचे सहकारी यांनी १९९६ साली १३ नॅनोमीटर व्यासाच्या सुवर्णकणांवर डीएनएचे आखूड धागे बसविले, आणि पूरक धागा भेटताच कण एकत्र येऊन द्रवाचा रंग पालटतो हे दाखवून दिले.

कोविडच्या साथीत घरोघरी वापरल्या गेलेल्या तपासणीपट्टीवरची तांबडी रेघ बहुतांशी अशाच सुवर्णकणांची होती, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या पट्टीत कणांवर प्रतिपिंडे चिकटविलेली असतात; नमुन्यातील विषाणूचे प्रथिन त्यांना धरते, द्रवाबरोबर पुढे वाहत जाते, आणि कागदावर आगाऊच बसवून ठेवलेल्या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या रेषेपाशी अडकते. सहस्रावधी कण तेथे साचले म्हणजे डोळ्यांना रेघ दिसते. यंत्र नाही, वीज नाही, प्रयोगशाळा नाही. जैवसंवेदकाची दोन्ही अंगे या क्षुद्र वाटणाऱ्या पट्टीत स्पष्ट दिसतात: इष्ट रेणू ओळखणारा जैविक घटक, आणि त्या ओळखीचे आपल्याला वाचता येईल अशा संकेतात रूपांतर करणारा भौतिक घटक. या जोडणीची कल्पना प्रथम मांडली ती अमेरिकेतील लेलँड क्लार्क याने, १९६२ साली, ग्लुकोज मोजण्यासाठी विजाग्रावर विकर बसवून. मधुमेही माणूस बोट टोचून आज जी साखर मोजतो ती त्याच कल्पनेची संतती आहे.

मग साखर मोजता येते तर कर्करोगाची खूण मोजण्यात अडचण कोणती, असे कोणी विचारील. अडचण प्रमाणाची आहे, आणि ती आकड्यांत पाहिल्याखेरीज तिचे गांभीर्य कळत नाही. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतून येणाऱ्या पीएसए या प्रथिनाची जी मर्यादा दीर्घकाळ संशयाची सीमारेषा मानली गेली, ती एका मिलिलिटर रक्तद्रवात ४ नॅनोग्रॅम एवढी आहे. त्याच मिलिलिटरात अल्ब्युमिन हे एकच प्रथिन सुमारे ४० मिलिग्रॅम असते, म्हणजे पीएसएच्या एक कोटीपट. ग्लुकोजच्या बाबतीत निसर्गाने अशी अट घातलेली नाही. या कोटीतून एक निवडण्याची शक्ती संशोधकांना प्रतिपिंडांनी दिली. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५९च्या सुमारास किरणोत्सर्गी खुणेच्या साहाय्याने इन्सुलिन मोजले, १९७१ साली स्वीडनमधील एंगव्हाल आणि पेर्लमान यांनी किरणोत्साराच्या जागी विकर आणून एलायझा ही पद्धत सिद्ध केली, आणि १९७५ साली कोलर व मिलस्टाइन यांनी एकाच जातीची शुद्ध प्रतिपिंडे हव्या तितक्या प्रमाणात बनविण्याची युक्ती शोधली. दरम्यान खुणांची यादीही वाढत गेली: यकृताच्या कर्करोगात आढळणारे अल्फा-फीटोप्रोटीन १९६३ साली मॉस्कोमध्ये, आतड्याच्या कर्करोगातील सीईए १९६५ साली माँट्रियलमध्ये, अंडाशयाच्या कर्करोगातील सीए-१२५ हे १९८१ साली अमेरिकेत.

अतिसूक्ष्म पदार्थांनी या व्यवस्थेत जी भर घातली ती प्रथमतः पृष्ठफळाची. एक ग्रॅम सोन्याचा घन केला तर त्याची सहा मुखे मिळून एक चौरस सेंटिमीटरही भरत नाहीत. त्याच सोन्याचे २० नॅनोमीटर व्यासाचे गोल कण केले तर त्यांचे एकूण पृष्ठफळ सुमारे १५ चौरस मीटर, म्हणजे एका बऱ्यापैकी खोलीच्या जमिनीइतके होते. प्रतिपिंडाचा रेणू स्वतः दहा ते पंधरा नॅनोमीटरांचा. तेव्हा कण आणि रेणू येथे तुल्यबळ असतात, एकाचे येणे दुसऱ्याला जाणवते. मर्किनच्याच प्रयोगशाळेने २००३ साली या गुणाचा विलक्षण उपयोग करून दाखविला. चुंबकीय कणाने पीएसएचा रेणू धरायचा. दुसऱ्या बाजूने त्याच रेणूला सुवर्णकणाने धरायचे. त्या सुवर्णकणावर शेकडो डीएनए-धागे आधीच बांधून ठेवायचे. चुंबकाने सारे ओढून घेतल्यावर ते धागे सोडवून मोजायचे. एक रेणू सापडला की शेकडो धागे रुजू होतात. या रीतीने ३० ॲटोमोलर इतक्या विरलतेपर्यंत पीएसए ओळखता आले; मिलिलिटरभर द्रवात सुमारे १८,००० रेणू, असा त्याचा अर्थ होतो. त्या काळच्या रूढ चाचण्यांना याच्या सहस्रावधीपट रेणू लागत.

सिलिकॉनच्या तंतूंचा मार्ग याहून वेगळा. हार्वर्डमधील चार्ल्स लीबर याच्या गटाने २००१ साली असे दाखविले, की काही नॅनोमीटर जाडीच्या अर्धसंवाहक तारेवर विद्युतभारित रेणू येऊन बसला तर तारेतील प्रवाह मोजण्याइतका बदलतो. आणि २००५ साली अशा तारांच्या ओळी करून कर्करोगाच्या अनेक खुणा एकाच वेळी, रंगद्रव्य वा किरणोत्सार यांच्या मदतीवाचून, त्यांनी मोजल्या. प्रयोग सुंदर होता, परंतु रक्तद्रवातील क्षार आधी काढून टाकल्यावाचून तो साधत नव्हता, आणि ही बाब तांत्रिक तळटीप म्हणून सोडून देण्यासारखी नाही. रक्तासारख्या खारट द्रवात प्रत्येक विद्युतभाराभोवती विरुद्ध भाराचे आयन ताबडतोब गोळा होतात आणि नॅनोमीटरभराच्या आतच त्याचा प्रभाव झाकून टाकतात. तारेवर दहा नॅनोमीटर उंचीचे प्रतिपिंड बसविले असता त्याच्या टोकाशी आलेल्या रेणूचा भार तारेपर्यंत पोहोचतच नाही, भरबाजारात पुटपुटलेला शब्द दोन हातांवरच्या माणसापर्यंत पोहोचत नाही तसा. शुद्ध केलेल्या द्रावणातील यश आणि रुग्णाच्या रक्तातील यश यांमधले अंतर येथे दिसते. त्यात भर म्हणजे अल्ब्युमिनसारखी विपुल प्रथिने कोणत्याही नव्या पृष्ठभागावर आपोआप चिकटून बसतात आणि निवडीसाठी राखलेल्या जागा अडवितात. याखेरीज कार्बनच्या नलिका आल्या, २००४ साली वेगळे करण्यात आलेले ग्राफीन आले, ज्यांच्या शोधाबद्दल २०२३ चे नोबेल पारितोषिक दिले गेले ते क्वांटम बिंदू आले. प्रत्येकाने संवेदनशीलतेची पायरी आणखी खाली नेली. चिकटपणाचा हा प्रश्न मात्र प्रत्येकाला नव्याने सोडवावा लागला.

तथापि सूक्ष्मदर्शित्व वाढले म्हणजे निदान सुधारलेच, ही समजूत मला या क्षेत्रातील सर्वांत महागडी समजूत वाटते. एक साधा हिशेब करून पाहावा. हजारात एकाला एखादा कर्करोग आहे असे धरू, आणि रोगी असल्यास शंभरात ९५ वेळा होय म्हणणारी व निरोगी असल्यास शंभरात ९५ वेळा नाही म्हणणारी एक चाचणी एक लाख लोकांवर करू. शंभर रोग्यांपैकी ९५ सापडतील, हे उत्तम झाले. पण उरलेल्या ९९,९०० निरोग्यांपैकी शेकडा पाच, म्हणजे ४,९९५ माणसांनाही तीच चाचणी होय म्हणेल. एकूण ५,०९० जणांच्या हाती संशयाचा कागद पडेल, आणि त्यांतील खरे रोगी शंभरात दोनही नसतील. उरलेल्यांच्या नशिबी सुया, छायाचित्रणे, प्रसंगी शस्त्रक्रिया आणि मधल्या काळातील ती भीती, जिचा हिशेब कोणत्याही अहवालात मांडला जात नाही. येथे उणीव संवेदनशीलतेची नसून विवेकाची आहे. आणि पीएसए तर वयोमानाने होणाऱ्या निरुपद्रवी ग्रंथिवृद्धीतही वाढते, म्हणून ते आणखी अचूक मोजल्याने तो विवेक प्राप्त होणार नाही.

शिवाय लवकर सापडलेला प्रत्येक कर्करोग वेळेवर सापडलेला असतोच असे नाही. जपानने १९८०नंतरच्या दशकात सहा महिन्यांच्या अर्भकांच्या मूत्रातील रसायने तपासून चेतापेशींचा एक बालकर्करोग हुडकण्याची देशव्यापी योजना अंमलात आणली. रोगी पुष्कळ सापडले. परंतु त्यांतील अनेकांच्या गाठी आपोआप विरून जाणाऱ्या जातीच्या होत्या, आणि कॅनडा व जर्मनीतील पाहण्यांचे २००२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे निघाले की, अशा तपासणीने त्या रोगाचे बालमृत्यू घटत नाहीत. जपानने ती योजना लवकरच बंद केली. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर अंडाशयाच्या कर्करोगासाठी मोठी पाहणी झाली. तिच्या एका गटात सीए-१२५ दरवर्षी मोजले गेले आणि त्या गटात रोग अगोदरच्या अवस्थेत अधिक प्रमाणात सापडलाही. पण २०२१ साली अखेरचा फैसला लागला तेव्हा मृत्यूंच्या संख्येत लक्षणीय घट झालेली नव्हती. सहस्रावधी स्त्रियांनी वर्षानुवर्षे आपले रक्त देऊन मिळविलेले हे उत्तर निराशाजनक असले तरी अनमोल आहे. नवा संवेदक घेऊन येणाऱ्या प्रत्येकाने त्याला तोंड दिले पाहिजे.

अतिसूक्ष्म संवेदन कोठे खरोखर उपयोगी पडेल, याचा एक बोलका दाखला मर्किनच्या गटाच्या २००९ मधील कामात आहे. कर्करोगामुळे प्रोस्टेट ग्रंथी शस्त्रक्रियेने संपूर्ण काढलेल्या पुरुषाच्या रक्तात पीएसए जवळपास शून्य असावे, आणि नेहमीच्या चाचण्या तसेच सांगतात. सुवर्णकणांच्या चाचणीने त्या शून्याच्या आत डोकावून पाहिले, तेव्हा काही रुग्णांत ते प्रथिन स्थिर व अत्यल्प राहिलेले, तर काहींत हळूहळू चढत असलेले आढळले. रुग्ण थोडे होते, त्यामुळे त्यावरून नियम बांधता येत नाही. पण युक्तिवाद भक्कम आहे. प्रथिनाचा उगमच काढून टाकलेला असल्यामुळे निरोगी पेशींचा गोंगाट तेथे उरत नाही, आणि अल्पतम वाढीलाही अर्थ येतो. निरोगी जनसमूहापेक्षा उपचार घेतलेल्या रुग्णावर पाळत ठेवणे हे या साधनांचे अधिक स्वाभाविक कार्यक्षेत्र आहे असे माझे मत त्यामुळे बनले आहे.

लोकसमूहाच्या तपासणीत काय साधते याची साक्ष महाराष्ट्राजवळ आहे, आणि ती जगाने मान्य केलेली आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांवर बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले: गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूची एकवारच तपासणी केली असता त्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांच्या पाहणीत तर दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी केवळ सौम्य शिरकाम्ल लावून गर्भाशयमुख डोळ्यांनी तपासले, आणि मृत्यूंत ३१ टक्के घट झाल्याचे २०१४ साली सिद्ध झाले. या दोन्ही ठिकाणी यश आले त्याचे कारण साधन सूक्ष्म होते हे नव्हे. शोधलेली अवस्था कर्करोगापूर्वीची होती, तीवरचा उपाय सोपा होता, आणि संशयित स्त्रीला उपचारापर्यंत नेण्याची तजवीज आधीच केलेली होती.

आपल्याकडील मुखाचा कर्करोग या तिन्ही अटींच्या जवळ येतो, आणि म्हणून अतिसूक्ष्म पदार्थांच्या संशोधकांनी त्याच्याकडे वळावे असे मला मनापासून वाटते. तंबाखू, मिश्री, खर्रा, गुटखा यांच्या सवयीने तोंडात पांढरे चट्टे पडतात, तोंड उघडेनासे होते, आणि रोगाची ही पूर्वावस्था अनेक वर्षे टिकते. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी ज्यांच्या तोंडात हे बदल आधीच झाले आहेत त्यांचा प्रश्न उरतोच. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील पाहणीने २००५ साली दाखविले, की आरोग्यसेवकांनी नुसते तोंड पाहिल्यानेही व्यसनी पुरुषांतील मृत्यू कमी होतात. परंतु शंभर चट्ट्यांपैकी कोणते दोन-चार बिघडणार हे डोळ्यांना सांगता येत नाही, आणि प्रत्येकाचा तुकडा काढून तपासणे तालुक्याच्या ठिकाणी शक्य नसते. निवड करण्याचे हे काम लाळेतील खुणा मोजणाऱ्या पट्टीला जमू शकेल. लाळेत रक्तद्रवाच्या मानाने प्रथिने फारच कमी, ती घेण्यास सुई नको, आणि रोगाची जागा तिला लागूनच. दिल्ली टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत बी. डी. मल्होत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिर्कोनियाचे अतिसूक्ष्म कण ग्राफीनसदृश पत्र्यांवर बसवून, सायफ्रा-२१-१ ही मुखकर्करोगाची खूण लाळेत मोजणारे संवेदक तयार केले आहेत.

अशा संवेदकाची कसोटी प्रयोगशाळेतील आलेखावर लागणार नाही. चट्टे असलेल्या काही हजार माणसांची लाळ घ्यावी, पट्टीचे उत्तर मोहोरबंद ठेवावे, पाच-सात वर्षे त्यांचा पाठपुरावा करावा, आणि कोणाला कर्करोग झाला व कोणाला झाला नाही हे पाहून मग ते उत्तर उघडावे. यासाठी लागणारी नोंद ठेवणारी संस्था आपल्याकडे अस्तित्वात आहे. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून गावोगाव जाऊन रोगी आणि मृत्यू यांची नोंद ठेवीत आली आहे, आणि भारतातील ग्रामीण भागात सुरू झालेली या प्रकारची ती पहिलीच नोंदणी होय.